ह्यांनी सांगितलेले दर

बाजारात मला दोन-दोन दर ऐकू येतात. दुकानदार तूरडाळीचा एक दर सांगतो, आणि त्याचं बोलणं संपतंय न संपतंय तोच माझ्या डाव्या कानाशी आमचे हे दुसरा दर सांगतात, निम्म्याच्या आसपासचा. आवाज तोच, थोडा घोगरा, शनिवारी दमून घरी आल्यावर लागायचा तसा. ह्यांना जाऊन वर्ष उलटलं. दुसरं काही बोलत नाहीत. कशी आहेस म्हणून विचारत नाहीत, पोरीचं काय चाललंय विचारत नाहीत. नुसते दर. मुलीला एकदा हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, असलं कुणाम्होरं बोलू नको." म्हणून बोलत नाही, लिहिते.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे, विणकर. सासऱ्यांचे स्वतःचे हातमाग होते. ह्यांच्या वाट्याला दुसऱ्याच्या शेडातले पॉवरलूम आले. साडीमागं मजुरी, आठवड्याचा हिशेब शनिवारी. माझं माहेर निपाणीकडचं बोरगाव. तंबाखूच्या खाटात, त्या उग्र वासात वाढलेली मी, माझं तोंड पहिल्यापासून तिखट, आणि हे अगदीच मऊ. लग्नात कुणीतरी म्हणालं होतं की जोडा बरोबर जमलाय, एक बोलणार आणि एक ऐकणार. तसंच झालं.

टाळेबंदीच्या वर्षी माग बंद पडले. दिवसभर खडखडणारी गल्ली एकदम गप्प झाली आणि त्या गप्पपणात झोपसुद्धा येईना. साड्या व्यापाऱ्यांकडं पडून, सूत शेडात पडून, माणसं घरात पडून. त्या वर्षी मला दरांची भीती बसली. काळजी तर गल्लीत सगळ्यांनाच होती, माझं मात्र काहीतरी वेगळं झालं. दुकानासमोर लांब-लांब उभ्या राहून आम्ही बायका सामान घ्यायचो. माझ्यापुढच्या बाईला तेल एका दरानं मिळालं, आणि माझा नंबर आला तेव्हा दुकानदारानं फोनवर काहीतरी ऐकून दर वाढवून सांगितला. तेवढ्यातच. माझ्या कानांत दडे बसले, हातातली बाटली रस्त्यावर पडली, आणि मी तेल न घेताच घरी आले.

त्यानंतर मला कुठलाही आकडा ऐकवेना. कुणी नुसतं "कांदा" म्हटलं तरी छातीत धडधडायचं. घरात मी एकेक वस्तू मागं ओढायला लागले. आमटीत डाळ शोधावी लागायची. गूळ मी ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली लपवला आणि शालूला मुंग्या लागल्या. पोरगी तेव्हा कॉलेजात होती. तिच्या ताटात एक भाकरी टाकायची आणि समोर बसून तिचे घास बघायची. आईनं बघू नये तसं बघायची. एके दिवशी ती नळावर पाणी भरताना चक्कर येऊन पडली, आणि तिच्या हातातली घागर उचलायला गेलेली मी पहिल्यांदा काय म्हणाले असेन? "घागरीला पोचा आला गं." हे मला आठवत नाही, पोरगीच सांगते. डॉक्टरनं मला झोपेच्या गोळ्या दिल्या आणि ह्यांना बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

माग परत सुरू झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी हे सकाळीच म्हणाले, "आजपास्नं बाजार माझा. तू दुकानाची पायरी चढायची न्हाय."

"आणि घरात काय आनलं, काय न्हाय, मला कसं कळनार?" मी म्हणाले.

"पिशवी तूच रिकामी करायची. इचार की काय इचारायचं त्ये."

संध्याकाळी हे आले. मी चटईवर पिशवी ओतली. डाळ, शेंगदाणे, चहापूड, साबण, डब्यातलं सुटं गोडेतेल. तेलाचा डबा हातात धरूनच मला घाम फुटला होता. विचारू की नको असं झालं.

"तेल कसं आनलं?"

"उतरलंय गं," हे चपला काढत म्हणाले. "जुन्या दरावर आलंय."

"आनि डाळ?"

"डाळ बी."

मी तिथंच चटईवर बसून रडले. लाज वाटावी इतकं रडले. मग उठले आणि त्या रात्रीची आमटी अशी घट्ट केली की पोरगी ताटाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. शालूखालचा गूळ बाहेर आला. गोळ्या हळूहळू सुटल्या.

तिथून पुढं सगळे शनिवार तसेच गेले. हे पिशवी आणायचे, मी ओतायची, एकेक वस्तू उचलून दर विचारायची. हे सांगायचे. भीती गेली तसं माझं तोंड परत जागेवर आलं. मी घासाघीस करायला लागले, तीही दुकानदाराशी नाही, ह्यांच्याशी. "शेंगदान्याला एवढं? दोन रुपयं ज्यादा घेतल्यात तुमच्याकडनं. तुमचं तोंड बघूनच दुकानदार वळकतोय." हे मान खाली घालून हसायचे आणि म्हणायचे, "व्हय, चुकलंच जरा." मला केवढं बरं वाटायचं! नवऱ्याला व्यवहार कळत नाही, पण फार फसतही नाही, दोन-चार रुपयांचंच काय ते नुकसान, असा माझा हिशेब.

कुणी विचारेल, बाई, तू लिहायला-वाचायला शिकलेली, पाकिटावर किंमत छापलेली असते ती दिसत नव्हती? दिसत होती. त्यावर हे म्हणाले होते की छापील आकडा शोभेचा असतो, दुकानात कमीनं देतात. हे थोडं खरंही होतं. टीव्हीवर महागाई म्हणून ओरडायला लागले की हे म्हणायचे, "त्ये बंगळूर-मुंबईचं दर सांगत्यात. आपल्याकडं कुठं तसं हाय?" आणि उठून बंद करायचे. गल्लीतल्या बायका माझ्यासमोर दरांचं बोलणं काढत नसत. त्याचं मला नवल वाटत नव्हतं. मी मनात म्हणायची, यांच्या नवऱ्यांना बाजार करता येत नाही, सांगतील कुठल्या तोंडानं?

कोपऱ्यावरच्या दुकानात मी अधूनमधून साखर, काडेपेटी असलं किरकोळ आणायला जायची. हे "पायरी चढायची न्हाय" म्हणाले होते, पण भीती गेल्यावर मी चढायला लागले होते. तिथंही ह्यांचेच दर असायचे. दुकानदार सांगायचा, मी द्यायची, सगळं जुळायचं.

मजुरीचंही तसंच. दर दिवाळीला मी विचारायची, "मालकानं वाढवलं का काय?" हे म्हणायचे, "न्हाय गं. धंद्यात दम न्हाय." साडीमागं ऐंशी म्हणजे ऐंशीच. घरात तेवढाच हिशेब माझ्या हातात यायचा. मला संताप यायचा. तोंड उघडून मागायला काय होतंय या माणसाला? दिवाळीत माहेरी गेले की बोरगावात भावाच्या घरी पुढच्या सोप्यात बसून मी हेच दळण दळायची. भाऊ माझ्यापेक्षा धाकटा. तंबाखू सोडून ऊस लावला, ट्रॅक्टर घेतला, चार माणसांत त्याचा शब्द चालतो. मी त्याला सांगायची, "तुज्या दाजींच्यात दमच न्हाय. आज किती वर्सं झाली, ऐंशीवरनं एक रुपाया पुढं गेलं न्हाईत." हे शेजारीच बसलेले असायचे, चकली खात. भाऊ हसून म्हणायचा, "दाजी, आमच्या ट्रॅक्टरवर या की. ऐंशीपेक्षा ज्यादा दीन." हे म्हणायचे, "येतो की." भावजय पदर तोंडाला लावून आत जायची. आमच्या सगळ्या पाहुण्यांत ह्यांचा ऐंशीचा आकडा झाला होता, आणि तो मी केला होता.

गेल्या उन्हाळ्यात शेडातच छातीत कळ आली म्हणून हे मागाच्या बाजूला खाली बसले, ते उठले नाहीत.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, मुलगी सांबऱ्याला तिच्या सासरी गेली. घरातलं सामान संपत आलं तशी मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. साखर, चहापूड आणि तेलाचं एक पाकीट मागितलं. दुकानदारानं बेरीज करून आकडा सांगितला. मला वाटलं, चुकून दुसऱ्याचं सामान धरलं असेल.

"परत एकदा बघा."

त्यानं परत तोच सांगितला.

मग मी जे तोंड सोडलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल. "बाईमानूस एकटी दिसली की लुबाडायचं व्हय? मानूस जाऊन म्हैना न्हाय झाला, आनि तुमी दर वाढवून बसलासा? ह्यास्नी कसं देत हुता?" दुकानात आणखी दोघी-तिघी होत्या. त्या पिशव्या उचलून बाजूला झाल्या. दुकानदार तराजूकडं बघतच म्हणाला, "वैनी, तुमाला जे द्यायचं त्ये द्या. न्या."

मी जुन्या दरानं मोजून पैसे ठेवले आणि ताठ मानेनं घरी आले. ह्यांच्या फोटोसमोर उभी राहून सांगितलंसुद्धा, की बघा, तुमच्यासारखी फसले नाही. पुढच्या खेपेलाही त्यानं असंच घेतलं. तिसऱ्या खेपेला आतून त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "वैनी, आमाला बी घरदार हाय ओ. किती दिस असं घालायचं आमच्या पदरचं?" मला काही कळलं नाही. एवढंच कळलं की हे दुकान आता आपलं राहिलं नाही. म्हणून मी ठरवलं की थेट रविवार पेठेत जायचं, हे जायचे तिथं.

बस पकडून गेले. किती वर्षांनी त्या गर्दीत पाय ठेवत होते. पोती, हमाल, हातगाड्या, मिरचीचा खकाणा. पहिल्याच दुकानात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या रचून ठेवल्या होत्या. दर विचारला. माणसानं सांगितला तो ऐकून मी हसले.

"दोन-तीन म्हैन्यामागं आमच्या ह्यांनी एकशे साठनं नेलं इथनंच."

तोही हसला. "आक्का, कंच्या गावात? तुमच्या मालकास्नी म्हनावं, मलाबी त्या दरानं आनून द्या. असतील तेवढी पोती घेतो."

"त्ये गेलं," मी म्हणाले.

त्या माणसाचं हसणं जागच्या जागी थांबलं. त्यानं हात जोडले. आणि तेव्हाच, तो हात जोडून उभा असताना, मला डाव्या कानाशी ऐकू आलं: "एकशे साठ." मी वळून बघितलं. मागं एक हमाल पोतं सावरत उभा होता, दुसरं कुणी नव्हतं.

मी पुढच्या दुकानात गेले. त्याच्या पुढच्या. डाळ, शेंगदाणे, लसूण, शाळू, साबुदाणा. मला काही घ्यायचं नव्हतं, मला एक दुकान असं सापडायला हवं होतं जिथं ह्यांचा दर चालतो. जिवंत माणसं दर सांगत होती, आणि प्रत्येकाच्या पाठोपाठ हे आपला सांगत होते. दुकानदार ओरडून सांगायचे, हे हळू. शेवटी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. कानांत दडे बसले होते, तेच, टाळेबंदीतले. मला कळून चुकलं की ही भीती गेलेलीच नव्हती, ती इथंच पेठेत बसून होती आणि हे दर शनिवारी एकटे तिला भेटून येत होते. मी पाव किलो डाळ घेऊन घरी परतले.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. मी काही विचारायच्या आधीच माझा चेहरा बघून ती म्हणाली, "पेठेत गेलतीस व्हय?"

तिला सगळं माहीत होतं. पहिल्या शनिवारपासून.

"आप्पांनी शपथ घातलेली मला," ती म्हणाली. "गल्लीत बी सगळ्यास्नी सांगून ठेवलेलं. हिच्यापुढं खरा दर काढायचा न्हाय म्हनून. कोपऱ्यावरच्या दुकानात तू जे कमी द्यायचीस, त्ये आप्पा शनवारी नेऊन द्यायचं."

"म्हंजे अख्खी गल्ली मला खेळवत हुती?"

"खेळवत न्हाय गं. जपत हुती."

मला त्यातला फरक त्या दिवशी कळला नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही नीट कळलेला नाही. मुलगी गेल्यावर मी फोटोशी भांडले. मोठ्यानं भांडले. मला काय समजलात तुम्ही? कुक्कुलं बाळ? चटईवर बसून मी दोन रुपयांसाठी तुमच्याशी हुज्जत घालत होते आणि तुम्ही खाली मान घालून हसत होता, ते हसणं माझ्यावर होतं? घरात माझ्यासाठी एक वेगळंच साल बांधून ठेवलंत, त्यात मला बसवलंत, आणि दार न उघडताच निघून गेलात. आता मी बाहेर कशी येऊ?

राग निवल्यावर दुसरी शंका आली आणि ती रागापेक्षा वाईट होती. हा फरक भरला कुठून? दर आठवड्याला खरे पैसे देऊन सामान यायचं, दुकानदाराचं उरलेलं जायचं, आणि माझ्या हातात ठरलेला हिशेबही यायचा. मजुरी तर ऐंशीच. तंबाखू ह्यांनी सोडली होती, डॉक्टरनं सांगितलं म्हणून, असं मला सांगितलं होतं. पण तंबाखूच्या पुडीत असा किती फरक भरणार? माणूस काय करत होता? नको ते मनात यायला लागलं. शेडातलं सूत कुणी बाहेर विकतं अशा गोष्टी गल्लीत ऐकू यायच्या, त्या आठवल्या.

मी शेडात गेले. निमित्त होतं कांड्या भरायचं काम मागण्याचं, धोट्यात घालायच्या त्या सुताच्या कांड्या. मला ते येतं, सासूनं शिकवलं होतं. मालक दारातच खुर्ची टाकून बसला होता. तो बसा म्हणाला. पण मी कामाचं विसरलेच. ह्यांच्या मागावर दुसराच एक माणूस उभा होता, माग तसाच चालत होता, खडखड तीच, आणि ते बघून माझा तोल गेला.

"अण्णा, ह्यांनी तुमच्याकडं जीव घातला," मी म्हणाले. "आनि तुमी टाळेबंदीपास्नं एक रुपाया वाढवला न्हाईसा. ऐंशीवर राबवलासा मानसाला."

मालक उठूनच उभा राहिला. "कोन म्हनलं ऐंशी?"

"ह्ये म्हनायचं."

मालकानं आत हाक मारली. ह्यांच्या शेजारच्या मागावर उभा राहणारा जोडीदार बाहेर आला. ह्यांना खाली बसताना शेवटचं त्यानंच बघितलं होतं. मालक त्याला म्हणाला, "सांग वैनीस्नी, काय मजुरी हाय ती."

जोडीदार माझ्याकडं न बघता बोलला. "वैनी, दर दिवाळीला वाढत आली की. सव्वाशे हाय आता. आनि आमच्यात पयला वाढवून मागनारा कोन, तर तुमचाच मानूस. मालकाशी भांडून घ्यायचा. आमाला बी त्येच्यामुळं मिळालं."

"खोटं," मी म्हणाले.

"खोटं कशाला सांगू? ऐतवारी बी यायचं की त्ये, ज्यादा साड्या काढायला. तुमाला न्हाय ठावं?"

रविवारी हे भजनी मंडळात जायचे. मला सांगून जायचे. कपाळाला बुक्का लावून परत यायचे.

मी कांड्यांचं काम न मागताच परत आले. रस्ताभर मला ह्यांचं बोरगावातलं बसणं दिसत होतं, भावाच्या सोप्यात, चकली खात. मालकाशी भांडून मजुरी वाढवून घेणारा माणूस बायकोच्या माहेरी बसून, बायकोच्याच तोंडून, ह्याच्यात दम नाही असं ऐकत होता. वाढलेली मजुरी सांगितली असती तर वाढलेले दर सांगावे लागले असते. म्हणून दोन्ही गिळलं. आणि भाऊ ट्रॅक्टरवर या म्हणाला तर "येतो की" म्हणाले. महागाईनं आमच्या घरातून जे नेलं ते ह्यांच्या इज्जतीतून नेलं, आणि मला त्याचा पत्ता लागू दिला नाही. मला ह्यांचा इतका राग आला होता आणि इतकं रडू येत होतं की दोन्हींतलं कुठलं आधी करू ते कळत नव्हतं.

तेव्हाच ठरवलं. वर्षश्राद्धाला सगळे येणार होते. बोरगावचे, सांबऱ्याचे, ह्यांच्या बाजूचे. जिथं मी ह्यांना ऐंशीचं केलं होतं तिथंच, त्याच माणसांत, खरा आकडा सांगायचा. माझ्यापाशी ह्यांना देण्यासारखं दुसरं काही राहिलं नव्हतं.

श्राद्धाचं सामान मी एकटीनं आणलं. मुलगी येते म्हणाली, तिला नको म्हटलं. पेठेत उभी राहिले, खिरीचे गहू, गूळ, खोबरं, वेलदोडे, डाळ, तेल, एकेकाचा दर विचारला. छाती धडधडत होती, कानाशी हे बोलत होते, मी दोन्ही ऐकलं आणि जिवंत माणसांनी सांगितलेले पैसे दिले. एकदाही पायरीवर बसले नाही. पिशवी जड झाली तेव्हा रिक्षा केली. घरी येऊन ती ओतली आणि विचारणारं, सांगणारं कुणी नाही म्हणून तशीच भरून ठेवली.

पंगत सोप्यात आणि अंगणात मिळून बसली. खीर चांगली झाली होती. भाऊ बोटं चाटत म्हणाला, "आक्का, खोबरं सोडलंस की सडळ हातानं. ह्या दिसांत परवडतंय व्हय तुला?"

मी वाढपाचं भांडं हातात घेऊन उभी होते. एवढी वाट बघितलेली वेळ अशी सहज समोर आली.

"तुज्या दाजींची मजुरी सव्वाशे हुती," मी म्हणाले. "ऐंशी न्हाय. दर दिवाळीला वाढायची. मालकाशी भांडून घ्यायचं. मी तुमाला सांगितलं त्ये खोटं हुतं."

मग भाऊ मायेनंच हसला. "आसू दे गं आक्का. मानूस गेला की त्येची मजुरी वाढतीच."

पंगत हसली. वाईट हसली नाही, दुःखाच्या घरात हसतात तशी. माझा भाचा "वाढीव फरक द्या म्हनावं मालकाला" म्हणाला, त्याला त्याच्या आईनं डोळे दाखवले.

मला कळलं की हे असं पटणार नाही. पटवायचं तर सगळंच सांगावं लागणार. मुलगी समोरच्या ओळीत तिच्या सासूशेजारी बसली होती. तिनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. पण मी सांगितलं. टाळेबंदीत मला काय झालं होतं ते. हातातून पडलेली बाटली, शालूखालचा गूळ, पोरीचे मोजलेले घास, गोळ्या. मग ह्यांचे खोटे दर, कोपऱ्यावरचं दुकान, शपथ, रविवारचं भजन. भांडं हातात तसंच होतं, त्यातली आमटी निवत होती. लाज वाटत होती, पण मी थांबले नाही. पाच वर्षं ह्या माणसानं मला महागाई दिसू दिली नाही, आणि त्यासाठी तुमच्यासमोर बसून माझ्या शिव्या खाल्ल्या, असं मी शेवटी म्हणाले. अजूनही बाजारात गेलं की मला तेच दर सांगतात, हेही म्हणाले.

मुलीच्या सासूनं पाण्याचा तांब्या उचलला आणि परत खाली ठेवला. भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं. पोहोचलं.

वेडाचं सगळ्यांना लगेच पटलं होतं. मजुरीचं कुणाला पटलं नव्हतं.

भाऊ पानावरून उठला. हात धुऊन त्यानं माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि मला भिंतीशी बसवलं, लहान पोराला बसवतात तसं. मग तो माझ्या मुलीकडं वळला आणि मला ऐकू जाणार नाही अशा समजुतीनं हळू आवाजात म्हणाला, "आक्काला परत त्या डाक्टराकडं दाखवाय पायजे गं. अजून हाय तिच्या डोक्यात त्ये. दाजींची मजुरी सव्वाशे म्हने."

मुलगी माझ्याकडं बघत होती, आणि तिची सासू तिच्याकडं. सव्वाशेचं तिला माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

"व्हय मामा," ती म्हणाली. "दाखवतो."